राखाडी की विटकरी

रविवार, १७ डिसेंबर

मिळाली! कोलशेतला खाडीच्या बांधावर, साध्या चिमण्यांच्या थव्यात (बाकी सगळ्या माद्या) एक स्पॅनिश चिमणी. नर. साध्या नराचं डोकं राखाडी असतं, याचं विटकरी! अंग गवताआड होतं, पण दुर्बिणीतून डोकं स्वच्छ दिसलं. बावीस वर्षं वाट पाहिली हिची.

दौलतने मात्र उत्साहावर विरजण घातलं. खाडीत मासे धरतो, दर रविवारी माझ्याशेजारी बांधावर बसतो. म्हणाला, ही आपली घरचीच चिमणी. पक्ष्यांचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, आणि मला शिकवतो! मी भडकलो — "तुला काय कळतंय?" त्याने जाळं उचललं नि गेला.

२० डिसेंबर

दर्शनाला कळवलं. आमच्या पक्षिमित्र मंडळाची वार्षिक यादी तीच करते. फोटोसुद्धा मागितला नाही. सर, तुम्ही पाहिलंत म्हणजे झालं, म्हणाली.

रविवार, ३१ डिसेंबर

दौलत आजही आला नाही. सलग दुसरा रविवार. खड्ड्यात जाऊ दे! एकटाच बसलो. करमलं नाही.

९ जानेवारी

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सून म्हणते, महिनाभर बांधाचं नाव काढायचं नाही.

१६ जानेवारी

खिडकीत चिमणा बसलेला. गंमत म्हणून एकेक डोळा झाकून पाहिला. उजव्याने डोकं विटकरी. डाव्या, नव्या डोळ्याने — राखाडी. पुन्हा पाहिलं. राखाडीच.

डॉक्टर बोललेल्या, मोतीबिंदूत सगळं पिवळट-तपकिरी दिसतं. मी हसण्यावारी नेलं. आणि पोरांना प्रयोगशाळेत तीस वर्षं काय सांगत आलो? आधी उपकरण तपासा! चहा तसाच गार झाला.

१७ जानेवारी

दर्शनाला नोंद काढायला सांगितली. कारणही सांगितलं. लाज वाटली, पण ती गिळली. दौलतला कुठल्या तोंडाने भेटू?

रविवार, २१ जानेवारी

सुनेला न जुमानता कोलशेतला गेलो. दौलत दारात जाळं शिवत बसलेला. माफी मागितली. म्हटलं, तुझी नजर पक्की.

तो हसला. "नजर कसली, मास्तर? मना दोन वर्सं धड दिसत नाय. मी आवाजावरून सांगितलं."

बोटांनी चाचपत शिवत होता. दोन वर्षं त्याच्याशेजारी बसलो मी.

मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्यासाठी डॉक्टरांची वेळ होती. ती दौलतला दिली.