लुकलुकते दिवे आणि तिसरा आग्रह

तीर्थस्वरूप अर्डिसताईस,

धाकट्या मार्लिसचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? हिवाळाभर ॲरिझोनाच्या उन्हात राहिलं की जुनी दुखणी पळून जातात म्हणे. तुझी पळाली असतील तर इकडे पाठवू नकोस, माझी मला पुरेशी आहेत. भाऊजींना नमस्कार सांग, आणि त्यांचं गोल्फ अजून सुधारलं नसेल तर सांत्वनही कर. इथे सगळं ठीक. (ठीक म्हणजे आपलं मिनेसोटाचं ठीक. घराला आग लागली असती तरी मी ठीकच लिहिलं असतं.) थंडी पडू लागली आहे, साखरेच्या बीटची काढणी जोरात आहे आणि ट्रक दिवसरात्र हायवेवरून धावताहेत. पण ताई, आज हवापाण्याचं लिहायला मला वेळ नाही! काल मी चर्चच्या अंगणात, सगळ्या गावासमोर, एका परक्या बाईला ओरडून ‘हो’ म्हणाले. हो, मीच! घाईघाईने लिहितेय, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

सुरुवातीपासून सांगते. मुलांनी पायी किंवा सायकलने शाळेत सुखरूप जावं म्हणून आपल्या राज्य सरकारची एक योजना आहे. त्या योजनेतून शाळेला नारिंगी जाकिटं आली, सायकल शिकवायच्या दिवसासाठी हेल्मेटं आली आणि एक लांबलचक दोर आला. दोराला गाठी मारलेल्या, एकेक गाठ एकेका पोराने धरायची आणि पुढे एका मोठ्या माणसाने चालायचं. याला ‘चालती बस’ म्हणतात. आपल्या बाजूच्या बसला मोठं माणूस कोण, तर मी. (इंजिनही मीच, हॉर्नही मीच. ब्रेक मात्र लागत नाहीत, कारण आमची नात सिग्ने शेवटची गाठ धरते आणि वाटेतला प्रत्येक दगड, पान, किडा उचलायला थांबते. सगळी बस तिच्यामुळे आपोआप उभी राहते.) तर दोन आठवड्यांपूर्वी तुझ्या इथल्या बंद घराच्या कोपऱ्यावरून हायवे ओलांडत होतो. बस पलीकडे पोचली, शेपूट अजून रस्त्यावर, आणि गल्लीतून वळून बीटचा ट्रक आला. त्याने असा करकचून ब्रेक मारला, की वरचे बीट धडाधड रस्त्यावर पडले. सिग्ने आणि ट्रकचं नाक यांच्यात एका सायकलीएवढीच जागा राहिली होती, ताई. ड्रायव्हर खाली उतरला तो पांढराफटक. “काकू, मला पोरगी दिसलीच नाही हो,” म्हणाला. आणि मी काय म्हणावं? “नाही नाही, आमचीच चूक, तुमचे बीट सांडले की हो!” मग तो माझी माफी मागतोय, मी त्याची मागतेय आणि सिग्ने शांतपणे फुटलेला बीट उचलून माझ्या जाकिटाच्या खिशात कोंबतेय. घरी आल्यावर मात्र स्वयंपाकघरात फरशीवरच बसले आणि खूप रडले. त्या कोपऱ्यावर दिवे हवेत म्हणजे हवेतच, हे मी तेव्हाच ठरवलं. ते पिवळे, बटण दाबलं की लुकलुकणारे असतात ना, तेच.

शाळेने योजनेच्या कचेरीत कळवलं आणि काल तिथल्या बाई आल्या. रेनाटा करूसो त्यांचं नाव, मूळच्या न्यू जर्सीच्या, आपल्याकडे नव्याच. चर्चच्या तळघरात सगळं गाव जमलं. कॉफी होती, माझ्या लिंबाच्या वड्या होत्या. बाई मोकळ्या, हसऱ्या. पण पुढे काय होणार याची खूण मला तेव्हाच पटायला हवी होती. ताटात शेवटची वडी उरली. आपल्याकडे शेवटच्या वडीचं काय होतं तुला ठाऊक आहे: एकजण अर्धी घेतो, दुसरा त्या अर्ध्याची अर्धी, आणि संध्याकाळी ताटात मुंगीला पुरेल एवढा तुकडा उरतो, तो धुऊन टाकायचा. बाईंनी विचारलं, “ही कुणाला हवी आहे का?” आम्ही सगळे म्हणालो, “छे छे, घ्या ना!” आणि त्यांनी घेतली. अख्खी! व्हर्लिनच्या हातातला कप बशीवर वाजला. (व्हर्लिन म्हणजे आपला शाळेत मागच्या बाकावर बसणारा व्हर्लिन टोलेफसन. आता नगराध्यक्ष आहे, तरी कान अजून तसेच.)

मग बाई व्हर्लिनला म्हणाल्या, “तुमच्या कोपऱ्याला दिवे द्यायला आमची योजना तयार आहे. हवेत ना?”

व्हर्लिनने टोपी हातात घेतली. “छे हो, कशाला? आमचं चाललंय की. दुसऱ्या कुठल्या गावाला जास्त गरज असेल.”

आम्ही सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या. पहिलं ‘नको’ इतकं सुबक मी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं. आता त्या पुन्हा विचारणार, व्हर्लिन पुन्हा नको म्हणणार, तिसऱ्यांदा विचारलं की तो ‘बरं, एवढं म्हणताय तर’ म्हणणार आणि आम्ही टाळ्या वाजवणार.

“वा, किती मोठं मन तुमचं!” बाई म्हणाल्या. “शेजारच्या गावाने मागितलेच आहेत, त्यांना देते.” आणि त्यांनी पिशवी बंद केली.

ताई, व्हर्लिनचे कान लाल झाले. पण तोंडातून ‘नको’ गेलं की गेलं, ते परत कसं घ्यायचं? शेवटी त्याने गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, “बरं तर मग.” म्हणजे निरोप सुरू झाला! आपले निरोप किती लांबतात ते काय तुला सांगायचं? आधी खुर्चीपाशी, मग कोटांपाशी, मग जिन्यात, मग गाडीपाशी. एरवी मला याचा कंटाळा येतो, काल मात्र मी तो लांबावा म्हणून देवाला विनवत होते. व्हर्लिन प्रत्येक मुक्कामावर खडा टाकून पाहत होता. “यंदा ट्रक फार झालेत हो.” “हो, पीक चांगलं आलं म्हणे!” बाई म्हणाल्या. “पोरं अगदी छोटी आहेत आमची.” “गोड आहेत!” जिना संपला, अंगण आलं, बाई गाडीत बसल्या. व्हर्लिन टपावर हात ठेवून, उद्या बर्फ पडेल का यावर बोलू लागला. त्यांनी किल्ली फिरवली. मी हातमोज्यांसाठी खिशात हात घातला आणि हाताला लागला तो सिग्नेचा फुटका बीट.

“हो!” मी ओरडले. “हवेत! आम्हाला दिवे हवेत!”

“मार्लिस!” मागून कुणीतरी म्हणालं, जणू मी देवळात शिवी दिली होती.

बाईंनी काच खाली केली. “मग हे नको का म्हणाले?”

“ते नको कुठे म्हणाले? पहिल्यांदाच तर म्हणाले!”

मग मी त्यांना पहिलं, दुसरं आणि तिसरं, सगळं समजावलं. बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “आणि ती वडी?” मी म्हटलं, “ती आता पोटात राहू दे.” मग त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरल्या आणि व्हर्लिनसमोर उभं राहून पुन्हा विचारलं, “दिवे हवेत का?” आणि त्या गाढवाने काय म्हणावं? “छे छे, उगाच तुम्हाला त्रास!” पण बाई आता शहाण्या झाल्या होत्या. तिसऱ्यांदा विचारलं. व्हर्लिनने टोपी घातली, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरं, एवढं म्हणताय तर.”

वसंतात दिवे लागतील, ताई! मला अजून झोप नाही. तब्येतीला जप, भाऊजींना खूप चालायला लाव.

तुझी धाकटी,
मार्लिस

ता. क. जाताना बाईंनी कोपरा पाहिला. म्हणाल्या, इथली झाडी तोडून ट्रकवाल्यांना पोरं दिसू लागली तरच दिवे बसतील. कोपऱ्यावर तुझं कुंपण आहे. आईने लावलेलं, जांभळ्या फुलांच्या लायलॅकचं. तोडू का?

ता. क. तू आत्ता ‘मुळीच नको’ म्हणाली असशील. रीतच आहे. म्हणून दुसऱ्यांदा विचारते. माझंही मन होत नाही गं. तिची तेवढीच आठवण उरली आहे. पण ती असती तर करवत घेऊन पहिली तीच बाहेर पडली असती. तोडू का?

ता. क. आता तिसऱ्यांदा विचारते. (आज सकाळी उजाडताच व्हर्लिनने करवत आणली होती. फांद्या आणि मुळांचे फुटवे माझ्या तळघरात आइस्क्रीमच्या बादल्यांत आहेत, वसंतात तुझ्या मागच्या अंगणात लावू. नंतर बस निघाली तेव्हा तोच ट्रकवाला आला. त्याने सिग्नेला पार लांबून पाहिलं, थांबला आणि हात केला. तिने दोर सोडून दोन्ही हात हलवले.) तू एवढ्या मोठ्या मनाने हो म्हणालीस, फार बरं वाटलं.