मानेवरची काळी रेघ

आई,

साखळीची करकर, मग पारडं फरशीला टेकल्याचा धप्प, आणि त्यावर बायकांचं हसणं. पंचवटीतल्या देवळाच्या आवारात बाबांनी भाजीबाजारातून उचलून आणलेला तो मोठा काटा अजून माझ्या कानात वाजतो. एका पारड्यात दादा मांडी घालून बसलाय, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढताहेत, दादाचं पारडं काही उचललं जात नाही, आणि तू पदर तोंडाशी धरून हसते आहेस. तसं हसताना मी तुला एरवी कधी पाहिलं नाही. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्यासाठी तू नवस बोलली होतीस, बारा वर्षांचा होईपर्यंत दर वर्षी गुळानं तोलीन. जितक्या ढेपा जास्त, तितका तुझा चेहरा उजळायचा. मग तो गूळ आळीभर वाटला जायचा, आणि दादाच्या वजनातला माझा खडा तळहातावर घेऊन मीही उभा असायचो.

एका वर्षी सगळे प्रसादाकडे वळले, तेव्हा मी दादाच्या रिकाम्या पारड्यात चढून बसलो. समोरच्या ढेपा तशाच होत्या. माझं पारडं खाली येईना, मी आपला अधांतरी झुलत राहिलो. लोक हसले. तू दंडाला धरून मला ओढलंस, म्हणालीस, उतर, काटा बिघडंल. घरी येताना मी विचारलं, माझा नवस कधी? डोक्यावरची पाटी सावरत तू म्हणालीस, "तुला कशाला नवस? तू तर आपसूक जगला." किती सहज म्हणालीस. मळ्यातल्या बांधावर उगवलेल्या एखाद्या रोपाबद्दल बोलावं तसं.

मत्सर करणाऱ्याला सगळं लख्ख आठवतं, आई. दादाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा केवढा असायचा, ते मी आजही बोटांनी दाखवू शकतो. पाठांतरात पहिला आलो, त्या दिवशी मी चुलीपाशी उभा राहून तुला सगळी कविता म्हणून दाखवायला घेतली. दुसऱ्या कडव्यावर तू हात वर केलास. "थांब जरा, त्याला जेवू दे." दादा शांतपणे चौथी भाकरी मोडत होता. राहिलेली कडवी मी बाहेर जाऊन गोठ्यात म्हटली. म्हशीनं ऐकली.

आणि त्याची मान. रविवारी आंघोळीच्या वेळी तू दादाला दगडावर बसवून त्याची मान बेसन आणि दुधानं घासायचीस. मागच्या बाजूला, घडीत, काळपट मखमलीसारखी रेघ होती ती जाता जात नसे. "काय मळ बसलाय मेला," म्हणत तू घासत राहायचीस, आणि मी मनात म्हणायचो, मलाही मळ का बसत नाही. माझी आंघोळ दोन तांब्यांत उरकायची.

दादा घोटीला भाताच्या व्यापारात शिरला, मोठा झाला. तिशीतच त्याला शुगर लागली, पुढे नजर गेली, पन्नाशीत हृदय बंद पडलं. त्याच्या आधी बाबांच्या पायाची जखम वर्षभर भरली नव्हती. घरात लग्नाच्या मुली आहेत म्हणून शुगरचं नाव न काढता तू सगळ्यांना सांगितलंस, मळ्यात काटा लागला. दादाच्या वेळी मात्र तू अंगणात बसून म्हणत राहिलीस, माझ्या लेकराला कुणाची तरी नजर लागली. कुणाची, ते तू म्हणाली नाहीस. मी खांबाला टेकून उभा होतो आणि मला वाटलं, हिला माहीत आहे. आयुष्यभर त्याच्या ताटाकडे बघणारा मीच तर होतो.

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. माझी नात दहा वर्षांची आहे. मी शाळेत कारकुनी केली, वर्गावर्गांतून ऐकू येणाऱ्या कविता फायलींवर मान वाकवून पाठ केल्या; त्या सगळ्या आता मी तिला शिकवतो. संध्याकाळी इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर ती मोठ्यानं म्हणते आणि मध्ये कुणी बोललं तर डोळे वटारते. माझी पहिली श्रोती, आई. फक्त माझी. पण अलीकडे तिला दोन जिने चढताना धाप लागते. वर्गातली मुलं हत्ती म्हणतात, म्हणून खेळाच्या तासाला ती पोट दुखतंय सांगून बसून राहते. आणि सून महिनाभर तिची मान घासत होती. लिंबू, बेसन, सगळं. पोरगी रडायची.

शेवटी मी आणि सून तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. बाई तरुण होत्या, शांत. म्हणाल्या, हा मळ नाही, शरीराला साखर पेलवत नाहीये त्याची ही खूण आहे. मग माझ्याकडे वळल्या. "आजोबा, तुमच्याकडे लहानपणी कुणाची अशी मान होती? कुणाला लवकर शुगर? असेल तर थांबायचं नाही, तपासण्या आजच करू आणि घरातल्या सगळ्यांचंच खाणं बदलू. अशा गोष्टी रक्तातूनही येतात आणि ताटातूनही."

मला हलकं वाटायला हवं होतं. रक्तातून येतं, म्हणजे माझी नजर नव्हती. पण तेवढ्यात सून हसून म्हणाली, जुन्या फोटोत बघा ना, ही अगदी मोठ्या काकांवर गेलीय. मी पोरीकडे पाहिलं. हीसुद्धा? हीसुद्धा दादाचीच? मी म्हणालो, "छे. आमच्याकडे सगळे काटक." बाईंनी तसं लिहून घेतलं. म्हणाल्या, ठीक आहे, तीन महिने चालणं वाढवा, मग बघू. जिना उतरताना सुनेनं विचारलं, बाबा, नक्की ना? मी म्हणालो, उद्या तिच्या लग्नाच्या वेळी हे कागद कुणी बघितले तर? तुझंच वाक्य, आई. तुझ्याकडून मला काही मिळालंच नाही असं नाही.

पंधरा दिवस झाले. पोरगी निमूटपणे चालते आहे, आणि माझ्याजवळ जे आहे ते मी दाबून बसलोय. दादाच्या मानेची रेघ पाहिलेली दोनच माणसं होती, तू आणि मी. असं मी धरून चाललो होतो.

बेल वाजली. नात दार उघडायला धावली आहे. काठीचा आवाज, दम खाणं, आणि हा आवाज तर घोटीच्या वहिनीचा. दादा गेल्यापासून तिनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. सुनेनं फोन केला असणार. मी इथूनच बघतोय. तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, पोरीची वेणी बाजूला केली आणि मान उजेडाकडे वळवली.

"भावजी," ती तिथूनच म्हणते आहे, "ही तर ह्यांचीच मान हाय. तुम्ही बोलला नाय का डाक्टरला?"

आई, हे तुला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. मी उठतोय. वहिनी सुनेजवळ पोचायच्या आत मला तिथं जायचं आहे. खरं कारण एवढंच, की निदान हे तरी दादाच्या माणसांनी माझ्याआधी सांगू नये.