ताशी एकोणीस किलोमीटर

करंजखोल, ता. श्रीवर्धन
९ ऑक्टोबर २०२४

चि. सुचिता हिस सदादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं ‘बरं आहे’ म्हणतेस आणि आईला ते दोनदा वाचून घेता येत नाही, म्हणून पत्र.

तुमच्या तिकडच्या जपानी गावच्या पर्यटन संस्थेनं पाठवलेली जुनी विजेची गाडी पोचली. आठ माणसं बसतात, दारं नाहीत, वेग ताशी एकोणीस. वीस वर्षं सहा आसनी मिनीडोर चालवली म्हणून सरपंच हरेश्वररावांनी मला चालक नेमलं. ‘धूरविरहित ग्रामदर्शन’ असा फलक लागलाय. दर्शनात बंदर, सीमेवरचं देऊळ, सुपारीची वाडी आणि सरपंचांचा नवा बंगला येतो. बंगल्यापाशी गाडी जास्त वेळ थांबवायची, अशी तोंडी सूचना आहे.

पर्यटक म्हणशील तर पुण्याचं एक जोडपं आलं. बंगल्यापाशीच्या थांब्यात कंटाळून उतरलं आणि चालत आमच्या पुढे गेलं. बंदरावर आमची वाट बघत उभं होतं.

एक बातमी मात्र खरी. वरच्या आळीतून मोहल्ल्यात जायची उतरण आईच्या गुडघ्यांना झेपेना, हे तुला ठाऊक आहे. जहुराचाचीलाही चढण चढवत नाही. साठ वर्षांपासूनच्या मैत्रिणी, मधे दीड किलोमीटर, आणि दोन वर्षं गाठ नाही. गाडी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं रस्त्यात हात दाखवला. आपल्याकडे हात दाखवला की थांबायचं असतं. थांबलो. आता रोज चार वाजता ती तयार असते, सहाला परत आणतो. दोघी तिथे काय बोलतात देव जाणे, पण गाडीत बसताना तिच्या तोंडावर माहेरी निघालेल्या बाईचा तोरा असतो.

जावईबापूंना नमस्कार. आठवण ठेव, आणि नाहीच राहिली तर निदान पत्ता तरी बदलू नकोस.

तुझा,
सदादादा


ओतानी, जपान
३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास सुचिताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग घाबरले. दादा, ती मिनीडोर नाही. ती पर्यटकांसाठी दिलीय. महिन्याला वीस पर्यटक फिरवू, नाहीतर गाडी दुसऱ्या गावाला द्यावी, असं कागदावर आहे, आणि त्या कागदाखाली माझी सही आहे. आमच्या संस्थेचे मोरितासान फेब्रुवारीत बघायला येतील. ते हसतमुख आहेत, पण पेन्सिल तासून येतात.

मी इथे तसलीच गाडी चालवते. पाहुण्यांना चहाचे मळे दाखवते, जुनी पाणचक्की दाखवते. वळणावर कुणी भेटलं की थांबून वाकून नमस्कार करते. नियम म्हणजे नियम. आठ वर्षांत इथल्या लोकांनी माझ्यावर टाकलेला हा पहिला मोठा विश्वास आहे. तेव्हा हात दाखवणाऱ्यांना तू नमस्कार कर आणि पुढे जा. आणि एवढं ऐक, मोरितासान येतील त्या दिवशी आईला घरी बसव. लिहिताना मला बरं वाटत नाहीये, तरी लिहितेय.

आईला गुडघ्याचा पट्टा पाठवलाय. ती तो बांधणार नाही, हेही माहीत आहे.

रागावलास तरी लोभ आवरता घेऊ नकोस.

तुझी,
सुचिता


करंजखोल
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सुचितास आशीर्वाद. वि. वि.

तुझे मोरितासान एका दुभाष्याला घेऊन येऊन गेले. त्यांना कमी धुराचं गाव दाखवायला सरपंचांनी पाच मोठ्या डिझेल गाड्या दिघीला पाठवल्या होत्या. कमान उभारली, तुतारी आणली. सकाळपासून लाईट नव्हती, म्हणून आपली विजेची गाडी जनरेटरवर चार्ज केली. जनरेटर देवळामागे धडधडत होता आणि त्यावर हिरवं कापड घातलं होतं, पर्यावरण दिसावं म्हणून. रस्त्यावर सुकत घातलेली मासळी उचलायला लावली. पर्यटक कमी पडतात म्हणून सरपंचांची महाडची सासुरवाडी मागवली. पाच जण, टोप्या आणि काळे चष्मे घालून, आमटीत दगड पडल्यासारखे बसले होते.

आईला तुझा निरोप सांगितला. ती काही बोलली नाही, मान हलवली. ती बोलत नाही तेव्हाच सावध व्हायला हवं, हे मला पन्नासाव्या वर्षी कळायला हवं होतं.

पिंपळाच्या वळणावर ती उभी. इस्त्रीचं नऊवारी, काठी, आणि हात वर. सरपंच मागून माझा सदरा ओढत पुटपुटले की पुढे घ्या. मी घेतलीही असती. पण वीस वर्षांची सवय माझ्या पायात आहे, डोक्यात नाही. गाडी थांबली. जागा नव्हती. मोरितासान उठले, आईला आपली जागा दिली आणि पुढे माझ्याजवळ दांडी धरून उभे राहिले. आईनं त्यांना चांगला आहेस म्हणून सांगितलं आणि मला जहुराकडे घे म्हणून हुकूम केला. धूरविरहित ग्रामदर्शन मोहल्ल्यात जाऊन थांबलं. चाचीनं सगळ्यांना नारळाच्या वड्या दिल्या. सासुरवाडीनं दोनदा घेतल्या. मोरितासान वहीत लिहीत होते, बराच वेळ.

पाहुणे जाताच सरपंचांनी किल्ली काढून घेतली. निकाल येईपर्यंत गाडी ग्रामपंचायतीत कुलपात. तुझ्या सहीचं काय झालं ते कळव, माझ्यामुळे तुला मान खाली घालावी लागली असेल तर तेही कळव. आई अजून चार वाजता लुगडं बदलून पडवीत बसते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. सहा वाजता ती आपणहून आत जाते.

एवढ्यावरही मला भाऊ म्हणावंसं वाटलं तर म्हण.

सदादादा


ओतानी
१६ मार्च २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

अहवाल वाचला. मोरितासाननी टोपीवाल्या एका बाईंना दुभाष्यामार्फत विचारलं होतं की आपण काय बघायला आलात. त्या म्हणाल्या, लेकीकडे जेवण आहे असं सांगितलं होतं, पण अजून काही दिसत नाही. मोरितासान लिहितात, त्या गाडीत कुठे जायचं हे माहीत असलेली एकच प्रवासी होती.

आता माझी कबुली. तुला नियम शिकवले, पण इथली गोष्ट लपवली. या गावात सहाशे माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. बस बंद झाली. म्हाताऱ्यांसाठी गाडी मागितली तर अनुदान नव्हतं, पर्यटनासाठी होतं. म्हणून आमची सर्वांत नियमित पर्यटक हयाशी आजी आहे. वय शहाऐंशी. रोज गरम पाण्याच्या कुंडावर जाते, आणि रोज अभिप्रायाच्या रकान्यात लिहिते की डोंगर जागेवर आहे. तुला सांगायची लाज वाटली. जपान म्हटल्यावर तुम्हाला काहीतरी वेगळं वाटत असेल, ते तसंच राहावं असं वाटलं. आणि त्या लाजेपायी मी आईला घरात बसवायला निघाले होते.

गाडी तिथेच राहील, आणि गावातले प्रवासीही पर्यटक म्हणून धरले जातील. सरपंचांना वेगळं पत्र गेलंय. अट एकच, प्रत्येक प्रवाशानं दर महिन्याला अभिप्रायाचा कागद भरायचा. मोरितासानना कागद लागतो. आईला कर हात जोडून विनंती.

माया कमी झाली असेल तर सांगू नकोस, वाढली असेल तर कळव.

सुचिता


करंजखोल
५ एप्रिल २०२५

चि. सुचितास आईचा आशीर्वाद.

मी सांगते, सदा लिहितोय. मधे मधे सुधारतोय, मी मारते.

गुडघ्याचा पट्टा जहुराला दिला, तिला बसला. गाडी परवा सुटली. सरपंच आता आमच्याकडं बघून हसतो, मतं जवळ आली असतील. सदा म्हणतो की आये, तू आता पर्यटक झालीस. म्हटलं, ह्याच गावात नांदायला आले तवा पण मला कोणी विचारलं न्हाय की काय बघायला आलीस.

तुझा कागद भरला. नाव मनुबाई. वय लिवलं तेवढं हाय, कमी केलं न्हाय. कुठून आलात, त्यात लिवलं की वरच्या आळीतून. गाडीबद्दल मत, त्यात लिवलं की बरी हाय, डायवर बोलतो फार.

प्रेक्षणीय स्थळ कोणतं आवडलं असं खाली विचारलंय. सदा म्हणे देऊळ लिव. मी जहुरा लिवलं. दोन दात पडलेत तिचे, पण बघण्यासारखी हाय.

आता चार वाजायला आलेत, एवढ्यावर भागव.

आई