काचेवरची तारीख

गुरुवार, १४ ऑगस्ट. संगमनेर.

विमा कंपनीचा सर्व्हेअर दुपारी येऊन गेला. मागची खोली का खचतेय ते मी त्याला नीट समजावलं. खाली काळी माती आहे, ती पावसात फुगते, उन्हात आकसते. हे कुठल्याही कॉलेजात न जाता शिकलो, असंही सांगितलं. काय गरज होती?

भिंतीच्या भेगेवर मी सिमेंटने काचेची पट्टी चिकटवली होती. भिंत हलली की काच तडकते, म्हणजे भेग वाढतेय हे कळतं. काच तडकलेली त्याला दाखवली. त्याने मात्र काचेवर खाली लिहिलेला आकडा वाचला.

"ही ३ मार्च तारीख कुणी टाकली, काका?"

"मीच. तारखेशिवाय काच लावायची कशाला?"

"तुमची पॉलिसी एप्रिलपासूनची. भेग त्याआधीची धरावी लागेल." फोटो काढून तो गेला.

ती तारीख पुसली असती तर? छे, मी असलं करणारा नव्हे. की केलं असतं?

सुनंदा एवढंच म्हणाली, "अक्षर छान आलं असेल हो फोटोत."

आता संध्याकाळी त्या खोलीचं दार लागेना. सकाळी लागत होतं. चौकट किती कलली ते बघायला ओळंबा घेतला, तेवढ्यात सुनंदाने विचारलं, "दीपाला आज तिथं झोपू द्यायचं का?"

ओळंबा ठेवला. लेकीची गादी उचलून पुढच्या खोलीत आणली.

दोन्ही खोल्यांचा पाया एकच आहे. हे मायलेकींना सांगितलं नाही.