चार चाकांवर येणारा आवाज

“तू आयक, मी चालवतो,” असे माझे पती योगराज लग्नाच्या पहिल्या वर्षी मला म्हणाले होते. आमचा संसार त्या एका वाक्यावर उभा राहिला, म्हणून हा कागदही त्यानेच सुरू करते.

मी, मंजू योगराज कापगते, वय शेहेचाळीस, राहणार गोरेगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शरीर थकले आहे, कान शाबूत आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी दाराबाहेर हळू आवाजात जे सांगितले, ते मला आत ऐकू आले.

१. माझ्या नावाचे राहते घर आणि त्याला लागून असलेले टिनाचे गॅरेज माझी मुलगी गुंजन हिला मिळावे. तिच्या बाबांनी हयातभर तिथेच राहावे. गॅरेज चालवायचे की बंद करायचे, हे त्यांनीच ठरवावे.

२. माहेरच्या बोडीखालची, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यावरची, माझ्या वाट्याची धानाची बांधी भाऊ उमराव याची. तिच्यात घाम त्याचाच गेला, आणि नव्या तांदळाचे पहिले पोते दरवर्षी न चुकता माझ्या दारात आले. हिस्सा मागितला म्हणून तो माझ्याशी कधी वाकडे बोलला नाही. सगळ्यांचे भाऊ असे नसतात.

३. गॅरेजमधला लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, गुंजनला. त्याचे टोक चालू यंत्राला आणि मूठ कानाला लावली की आतला खडखडाट नेमका कुठे आहे ते कळते. पण चालत्या गाडीचा आवाज शोधायला दोन माणसे लागतात. नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटक नेणाऱ्या जीपा आमच्याकडे यायच्या. हे चालवायचे आणि मी मागे फळीवर तळहात ठेवून बसायची. क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली आणि आवाज तसाच राहिला, तर दोष इंजिनात नाही. गाडी जागेवरून उचल घेताना एकदा ‘टक्’ आणि मग वेगाबरोबर वाढणारी चिरचिर, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टाच्या जोडातला क्रॉस, अधिकाच्या खुणेसारखा लोखंडी सांधा, ग्रीस संपून सुकला. जोर मागच्या दोनच चाकांना असताना गाडी गप्प आणि लीव्हर ओढून चारही चाकांना दिला की बोलते, तर तो पुढच्या शाफ्टाचा. गुंजन नर्सिंग शिकते आहे. तिलाही लोकांच्या छातीला कान लावावाच लागणार आहे, म्हणून पेचकस तिला.

४. दीर प्रफुल यांना गॅरेजच्या खुंटीवरचा जुना हॉर्न द्यावा. मला जीपच्या मागे बसलेली पाहून भर चौकात ते म्हणाले होते, “दादा, हॉर्न मागं बसवला का?” टपरीवरचे सगळे हसले. “हा हॉर्न बिघाड सांगते, तुझ्यावानी बोंबलत नाही,” असे हे म्हणाले, तेव्हा आणखी हसले. प्रफुलभाऊंवर आता राग नाही. हॉर्न मात्र न्यावाच.

५. माझ्या नावाची हिरवी जीप माझ्या पतींची. हे कलम वकिलांना एका ओळीचे हवे होते.

दिवाळीनंतर मला मागे बसणे जमेना, तेव्हा यांनी पुढच्या सीटवर उशी बांधली. मी दवाखान्यातून परतले की दुसऱ्या दिवशी हे म्हणायचे, गाडीत एक आवाज येऊन राहिला, चाल आयकाले. आम्ही निघायचो. रस्ता चांगला, डांबरी, कोरडा. तरी गाव सुटले की हे लीव्हर ओढून गाडी चार चाकांवर टाकायचे. याच कारणासाठी यांनी भैय्यालाल ड्रायव्हरला चारचौघांत झापले होते, “डांबरावर फोर लावून कायले फिरतेस? दातं झडतीन गाडीचे.” मी बाहेरची कापलेली बांधी बघत राहायची. चिरचिर सुरू व्हायची.

“कोठून येते?”

“पुढच्या शाफ्टाचा क्रॉस आहे.”

“नाही. बराबर आयक. अजून थोडं समोर जाऊ.”

इतक्या वर्षांत यांनी माझ्या कानाला कधी नाही म्हटले नव्हते. पुढच्या खेपेला मी तेच सांगितले, यांनी तेच उत्तर दिले. तलावाच्या पाळीपर्यंत जायचो, थोडे थांबायचो, परत यायचो. आवाज काही सापडायचा नाही.

मग एका दुपारी हे बाहेर गेले असताना पाना शोधायला मी यांची अवजारांची पेटी उघडली. तळाशी माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला क्रॉस होता. चांगला, ग्रीस लावलेला, चारही टोप्या जागेवर. आपल्या गाडीतला धड क्रॉस काढून यांनी कोणाच्या तरी गाडीतला झिजलेला बसवला होता. मी तो परत तसाच गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी उशी नीट केली आणि ऐकायला गेले.

माझ्याने होत होते तोवर ठीक होते. पण झिजलेला क्रॉस एक दिवस तुटतो, शाफ्ट सुटून खाली रस्त्यात रुततो आणि गाडी उलटते. यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळते. तरी माझ्यानंतर हे एकटे निघतील, लीव्हर ओढतील आणि शेजारच्या उशीला विचारतील, हे मला आत्ताच दिसते आहे.

ठिकाण : गोरेगाव. दिनांक : ११ जानेवारी २०२५.
सही : मंजू योगराज कापगते
मी त्यांच्यासमोर सही केल्याचे पाहून सह्या करणारे साक्षीदार : १. सुकराम टेंभरे, शेजारी. २. सुशिलाबाई बिसेन, शिक्षिका.

सहीखाली जागा उरली. वकील म्हणाले, रेघ मारा. रेघेऐवजी साक्षीदारांसमोर हे लिहून आम्ही तिघे पुन्हा सह्या करत आहोत.

गुंजनचे बाबा, लुगड्यातला क्रॉस काढा आणि गाडीला बसवा. तुम्ही म्हणाल, आवाज अजून सापडलाच नाही, आणि पेटी उघडणार नाही. सापडला आहे हो. पहिल्याच दिवशी सापडला होता. आता गाडी गप्प चालू द्या.