बातमी खिडकीतून बाहेर

बाबा, आधी माझी तक्रार ऐकून घ्या. तुमच्या वाचनालयाच्या दारातून माझ्या चपला गेल्या. नव्या होत्या, अंगठ्याला चावायच्या नुकत्या कुठे थांबल्या होत्या. त्यांच्या जागी कोणा गृहस्थाने आपली झिजलेली जोडी ठेवली, जिच्यात माझी टाच मागून बाहेर राहते. या गावावर आजवर जेवढे अन्याय झाले त्यांत हाच सगळ्यात मोठा, असं ठरवून मी दाद मागायला आत गेलो, तर सेक्रेटरीसाहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पादत्राणे बाहेर काढावीत, असं पाटीवर आहे. ती परत मिळतील, असं कुठेच नाही.

हो, आता तिथे सेक्रेटरी असतात. तुम्ही गेलात तेव्हा वाचनालय नगरपालिकेचं होतं, छत गळायचं आणि तुम्ही घरची पातेली नेऊन पुस्तकांमध्ये मांडायचा, मग आई वरण कशात करायचं म्हणून तुम्हाला बोलायची. आता पालिकेने ठराव करून वाचनालय आणि शेजारची जुन्या दप्तराची खोली, दोन्ही एका धर्मादाय ट्रस्टच्या हवाली केली. तेलाच्या धंद्यात बरं चाललेल्या शेठजींनी आपल्या आईच्या नावाने काढलेला ट्रस्ट आहे. त्या दिवशी पालिकेचे अध्यक्ष असे भरल्या गळ्याने बोलले, जणू लेक चांगल्या घरी दिली. माझ्या मते तो खर्च सुटल्याचा गहिवर होता.

ट्रस्टला नावं ठेवायची म्हणून मी पेन उघडून बसलो होतो, आणि ते काम मला जमतं हे तुम्ही जाणता. पण खोटं कसं लिहू? छत गळत नाही. पंखे फिरतात. राज्यांच्या सीमा बदलण्याआधी नागपूर आपली राजधानी होती तेव्हाचे जमिनीचे, शाळांचे कागद, ज्यांच्यात उंदरांचे संसार होते, ते लाल कापडात बांधून, डांबरगोळ्या घालून, लोखंडी कपाटात गेले. त्यासाठी तुम्ही अर्ज करकरून थकला होता. ट्रस्टने सगळं मोजून घेतलं, पार मोडक्या स्टुलासकट. फक्त तुमची खिडकी कोणी मोजली नाही.

ती खिडकी मला अजून दिसते. नागपूरची गाडी येऊन गेली आहे, पेपर हातात आहे, आणि तुम्ही स्टूल खिडकीशी ओढून मोठ्याने वाचता आहात. बाहेरच्या ओट्यावर संत्र्याच्या बागांतून कामावरून परतलेली माणसं, गवताचे भारे उतरवून टेकलेल्या बाया. त्यांना आत यायला मनाई नव्हती, निदान तुमच्या काळात नव्हती. त्यांच्या बापांना होती, तुमच्या बापालाही होती, आणि पायांना असलं काही विसरायला फार वेळ लागतो. एका साहेबाने हे काय चाललंय म्हणून हटकलं, तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "ते आत येत नाई ना साहेब, तं बातमी बाहीर जाईन." आणि खाली बसून पुढची ओळ वाचलीत. हंगामात लोक जाताना खिडकीत संत्री ठेवून जायचे. तुम्हाला आंबट सोसायचं नाही, म्हणून कोटाच्या खिशातून ती घरी यायची. चुलीपुढे बसून मी ती सगळी खायचो. वाचणारे तुम्ही, खाणारा मी.

तुमच्यामागे तुमच्या जागी आलेल्या बाबूनेही कुरकुरत का होईना ते वाचन चालू ठेवलं, कारण सगळं गाव ज्यांना मामा म्हणतं ते सावरगावचे मामा जाम नदी ओलांडून रोज यायचे आणि तो वाचेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे. ट्रस्ट आला आणि दुसरी पाटी लागली: शांतता राखा. सेक्रेटरी वाईट माणूस नाही, वाचन मनातल्या मनात करायचं असतं असं त्यांना खरोखरच वाटतं. काही दिवस मंडळी ओट्यावर येऊन बसली, पंख्यांचा आवाज ऐकला आणि हळूहळू यायची थांबली. मी नागपूरच्या पेपरातल्या माझ्या सदरात यावर लागोपाठ तिखट लेख लिहिले. सेक्रेटरींनी ते कापून फलकावर लावले, वर मथळा दिला: आपल्या वाचनालयाची वृत्तपत्रात दखल.

चपला गेल्या त्या संध्याकाळी मी शिकवतो त्या सौसरच्या शाळेतून बसने येऊन थेट तिकडेच गेलो होतो. भांडण हरून ओट्यावर टेकलो, तर शेजारी मामा. एकटेच.

"काऊन रे, कोनाच्या चपला घालून राहिला?"

सांगितलं. मग माझ्याच तोऱ्यात विचारलं, या खिडकीवरून मी पेपरात काय काय लिहिलं ते कानावर आलं की नाही.

"आलं ना. झनझनीत लिहून राहिला म्हनतात." मामा खिडकीकडे बघत होते. "पन बापू, आमच्यासाठी लिहिलं, तं ते आमाले वाचून कोन दाखवीन?"

 मी त्या परक्या चपलांतून टाच घासत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून पेपर घेतला आणि ओट्यावर येऊन मोठ्याने वाचायला लागलो. मामा, रस्त्याने जाणाऱ्या दोन बाया, एक बैल. सेक्रेटरी बाहेर आले. आवाज आत येतो म्हणाले. मी म्हटलं, पाटी आतली आहे. ओटा पालिका तुम्हाला द्यायचा विसरली. ते आत गेले. खिडकी आता दाणकन लागणार म्हणून मी थांबलो. त्यांनी एक झडप लावली. दुसरी उघडी ठेवली. आत पंखे फिरत असताना ती कशासाठी, हे मी विचारलं नाही.

एक गोष्ट तुम्हालाच सांगतो. पहिल्या दिवशी मी सगळ्यात आधी माझा लेख वाचला. कोणी हसलं नाही. बैलही पुढे निघून गेला. मग मामांनी नागपूरच्या बाजारात संत्र्याचा भाव काय निघाला ते विचारलं, मी ते वाचलं, आणि सगळे पुढे सरकले. तुमचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा, माझा ओट्यावरच संपतो, असंही मामांनी सांगून टाकलं.

तरी उठताना त्यांनी अर्ध्या उघड्या खिडकीत एक संत्रं ठेवलं. माझा हात तुमच्याच सवयीने खिशाकडे वळला. मग मी ते तिथेच सोललं आणि फोडी वाटल्या. एक खिडकीतून आतही दिली, कोणी घेतली ते दिसलं नाही. मला उरली नाही. उद्या सौसरहून लवकरची बस धरायची आहे, स्टेशनवरचे पेपर संपतात. ओट्यावर चपला काढाव्या लागत नाहीत.