खळीनं चिकटवलेली पट्टी

बाबा, आज ऑफिसात एका नव्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, जुनं पान ठेवू की काढू?" मी मानही वर न करता म्हटलं, "काढ." माझं काम तुम्हाला माहीत आहे. वाचनालयं ज्या प्रोग्रामवर चालतात, त्याची माहितीपुस्तिका ताजी ठेवायची. प्रोग्राम बदलला की पुस्तिका खोटी पडते, आणि खोट्या पुस्तिकेपेक्षा पुस्तिका नसलेली बरी. हे मी सगळ्या नव्यांना ऐकवते. कुठे शिकले ते सांगत नाही. कशाला सांगू, त्यांना भद्रावती कुठे आहे हेही माहीत नाही.

भद्रावतीजवळ खाणीच्या वसाहतीतलं, तुम्ही सांभाळायचात ते वाचनालय, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर आणि त्याच्यापुढे मांडलेला कॉम्प्युटर. तो नवीनच आला होता. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा उन्हाळा असेल. मी नागपूरला कॉम्प्युटर शिकत होते आणि सुट्टीत घरी आले होते. पडद्यावर सगळं इंग्रजीत, म्हणून तुम्ही मला मराठीत पुस्तिका लिहायला लावली. नंतर तिला स्वतः शिवून कापडी पुठ्ठा चढवला. अमुक आकडा दाबा, सभासदाचा नंबर टाका, मग वाय दाबा. पण नागपूरचा प्रोग्रामवाला दर थोड्या दिवसांनी एसटीनं यायचा, नवी फ्लॉपी घालायचा आणि आकडे बदलून चहा पिऊन निघून जायचा. मी म्हटलं, हे पान फाडू, नवीन लावू. तुम्ही माझा हातच धरला. "पुस्तकाचं पान फाडते काय वं? हेच शिकून आली काय नागपुरातून?" लहानपणी तुम्हाला दुसऱ्याचं जुनं क्रमिक पुस्तक मिळालं होतं, शेवटची पानं गेलेली. त्यातल्या धड्यातला राजपुत्र घरी पोचला की नाही, हे तुम्हाला कधीच कळलं नाही. हे तुम्ही इतक्यांदा सांगितलं होतं की मी ते पान तसंच राहू दिलं. मग बदललेल्या ओळीवर तुम्ही कागदाची पट्टी लावायचात, पुस्तकांना लेबलं लावता तशी, मैद्याच्या खळीनं, कीड लागू नये म्हणून वर मोरचूद घालून.

आपल्याकडच्या मे महिन्यात खळ काय टिकते? वाळून कडक झाली, पट्टी सुटली आणि कूलरच्या वाऱ्यानं उडाली. खालची जुनी ओळ उघडी पडली: पुस्तक परत घ्यायचं तर तीन दाबा. नव्या प्रोग्रामात तीन म्हणजे सभासद रद्द. तुम्ही सकाळभर तीन दाबत बसला आहात. पडदा इंग्रजीत विचारतो, नक्की ना? पुस्तिका सांगते, वाय दाबा. तुम्ही दाबता. ज्यानं ज्यानं इमानदारीनं पुस्तक आणून दिलं, त्याचं त्याचं नाव गेलं. ज्यांनी दाबून ठेवलं ते मात्र शाबूत.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या पंपावरचे एक कामगार आले. "भाऊ, मशीन म्हणते माह्यं नाव नाई. मी मेलो काय जी?" लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. संध्याकाळी खाणीचे कल्याण अधिकारी साहेब आले. चांगला माणूस होता, ओरडला नाही. तुमचं वय झालं, म्हणाला, उद्यापासून काउंटरवर स्टोअरचा माणूस बसवतो, तुम्ही हजेरीच्या टाइम ऑफिसात जा, तिथं आरामाचं काम आहे. ते वाचनालय तुम्ही दोन कपाटांपासून उभं केलं होतं, आणि आरामाचं काम तुम्ही कधी मागितलं नव्हतं. मी मध्ये पडले. "नावं परत भरता येतील साहेब, बाबांनी जुनी कार्डं फेकली नाईत." साहेब म्हणाले, "ते ठीक. पण उद्या पुन्हा पट्टी पडली तर?"

तुम्ही पुस्तिका हातात घेतली, तीनचं पान उघडलं आणि फाडलं. शिवणीपासून, सरळ. मी तुमच्याकडे बघू शकले नाही. मग एकेक करून सगळीच पानं सोडवली, साहेबांना म्हणालात, "मी याले पुस्तक समजून राह्यलो होतो. हे पुस्तक नाई. बदल झाला का पान बदलीन, आणि त्या नागपूरवाल्याले पान बदलल्याशिवाय चहा नाई." साहेबांना हसू आलं. महिनाभर बघू म्हणाले. नंतर रिटायर होईपर्यंत त्या खुर्चीवर तुम्हीच बसलात. पण त्या रात्री तुम्ही अर्ध्या भाकरीवर उठलात, आणि तीनचं पान आईला तुमच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं, धुण्यात लगदा झालेलं. आईनं ते चुलीत टाकलं. मला तेव्हा तुमचं फार वाईट वाटलं होतं, आणि अभिमानही. दोन्ही बोलायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

आता मी दिवसभर पानं काढते, बोट दाबलं की झालं. हे पत्र मात्र कागदावर लिहिलं. पाठवायचा पत्ता नाही, तेव्हा ते टेबलाच्या खणात जाईल. वरती नागपूरच्या जागी मी आधी चंद्रपूर लिहून बसले होते. दुसरा कागद समोरच होता. बाबा, मी पान फाडलं नाही. उठले, मैदा शिजवला आणि पट्टी लावली.